हवालदारांचा टाका

हवालदारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते चिंचेच्या झाडावर होते आणि त्यांचा पाय खाली होता. लग्न होऊन नरखेडकडून नागपुरात आल्याला थोडेच दिवस झाले होते. सासूबाईंच्या मागे घागर घेऊन विहिरीवर चालले होते. जुन्या शुक्रवारीतल्या आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोठी चिंच होती. तिच्या बुंध्याला टेकून एक लाकडी पाय उभा होता, पट्टे सुटलेला, खाली जोडा घातलेला. मी जागीच थबकले. वर पाहिलं तर पांढऱ्या मिशांचा, उघड्या अंगाचा एक धिप्पाड माणूस फांदीवर बसून चिंचा झोडपत होता आणि खालच्या बायकांना पदर पसरायला सांगत होता. सासूबाई म्हणाल्या, ते आपले हवालदार आहेत, पदर नीट घे आणि चाल. मी चालले, पण मान मागेच वळलेली होती. एका पायाचा माणूस झाडावर चढतो कसा, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढे अनेकदा त्यांना चढताना पाहिलं, तरी पुरतं कळलं असं म्हणवत नाही.

हवालदार मूळचे पारशिवनीजवळच्या एका खेड्यातले. पहिल्या महायुद्धाच्या लढाईत पलटणीबरोबर इराकातल्या बसऱ्याला गेले आणि परत आले ते गुडघ्याखाली एक पाय नसलेले. ते तिकडे असतानाच त्यांची बायको मानमोडीच्या तापाच्या साथीत वारली होती. गावात मन लागेना म्हणून नागपुरात आले आणि आमच्या गल्लीतली एक खोली आणि तिच्यापुढचा ओटा त्यांनी धरला तो कायमचा. पाय कसा गेला असं कुणी विचारलं की ते म्हणत, "गेला नाही गा, तिकडंच राह्यला." यापलीकडे लढाईची एक गोष्टसुद्धा ते सांगत नसत. तोफांच्या आणि तुर्कांच्या गोष्टी ऐकायला म्हणून माणसं त्यांच्या ओट्यावर येत, आणि संत्र्याला पाणी केव्हा द्यावं आणि बैलाचा खूर कसा तपासावा, हे ऐकून घरी जात.

त्या ओट्यावर बसून ते विणत. हे मात्र नागपुरात दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. सायकलच्या चाकाच्या तारा दगडावर घासून त्यांनी सुया केल्या होत्या. कामठीच्या बाजारात पलटणीचे जुने खाकी स्वेटर मिळत. ते उसवून ती लोकर ते धूत, वाळवत आणि तिचे गुंडे करून ठेवत. नवी लोकर का आणत नाही म्हटलं तर सांगत, "नवी लोकर चावते. जुनीचे दात पडले राह्यतात." विणताना हाताकडे पाहत नसत. नजर रस्त्यावर, बोलणं चालू, आणि मांडीवर मोजा आपला आपण वाढतो आहे असं वाटे. एकदा तालमीतल्या एका पहिलवानानं, बांगड्या भरून द्यायच्या का, असं त्यांना चारचौघांत विचारलं. हवालदारांनी त्याला प्रेमानं जवळ बसवलं, त्याच्या दोन्ही हातांवर लोकरीची लड चढवली आणि हात खाली नको करू, गुंता होईल, असं बजावून सावकाश गुंडा करायला घेतला. मधे पान खाल्लं, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी केली. दिवस कलेपर्यंत तो पहिलवान हात वर करून बसला होता. दंड थरथरायला लागले तेव्हा हवालदारांनी लड काढून घेतली आणि त्याच्या खांद्याला तेल लावून दिलं. त्यानंतर विणकामावर कुणी हसलं नाही, आणि तो पहिलवान तर त्यांचा भक्तच झाला.

आमचे हे तेव्हा रेल्वेच्या यार्डात कामाला होते. डबे जोडण्याचं काम होतं. हिवाळ्यातल्या एका सकाळी दवानं ओल्या झालेल्या रुळावरून त्यांचा पाय सरकला आणि चाकाखाली आला. यात चूक कुणाचीच नव्हती. डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. जखम भरली, दवाखान्यातून घरी आणलं, आणि घरी आले तसे हे भिंतीकडे तोंड करून निजले. खायला दिलं तर खात, पाणी दिलं तर पीत, बोलत मात्र नसत. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. माझी त्यांच्याशी धड ओळखसुद्धा झाली नव्हती, आणि आता रोज त्यांची पाठ तेवढी दिसायची.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की लाकडी पाय करून घ्या, आणि आत लोकरीचा मोजा हवाच, नाहीतर कातडी सोलून निघेल. सुतारानं शिवणीच्या हलक्या लाकडाचा पाय करून दिला. मोजा मी विणला. शाळेतल्या बाईंनी आम्हाला विणकाम शिकवलं होतं आणि माझा हात सफाईदार म्हणून त्या माझ्या कानटोप्या साऱ्या वर्गाला दाखवत. सुताराचा पाय होईपर्यंतच्या दिवसांत मी दुसरं काहीच केलं नाही. एक सुलट, एक उलट, अशी मऊ वीण घातली. मोजा गुडघ्याच्या वर मांडीपर्यंत येईल असा केला. सासूबाईंनी समजूत काढून तो यांच्या पायावर चढवला, वर लाकडी पाय बांधला, आणि हे भिंतीला धरून अंगणापर्यंत गेले.

संध्याकाळपर्यंत मांडी सुजली. मोज्याचं अंग ताणलं जात होतं, तोंडाची कड नाही. ती कड मांसात रुतून बसली होती. कसाबसा उतरवला तर मांडीभोवती काळानिळा वळ, आणि एका जागी कातडी फाटलेली. दोन दिवसांत तिथे पू झाला आणि ताप चढला. डॉक्टर येऊन बाहेर सासूबाईंशी हळू बोलले: हे चिघळलं तर गुडघाही ठेवता येणार नाही. भिंत पातळ होती, आत सगळं ऐकू गेलं. यांनी लाकडी पाय उचलून अंगणात भिरकावला आणि म्हणाले, "मले आता कोणी उठवू नका." एवढ्या दिवसांत ते एवढंच बोलले होते. त्या रात्री मी जेवले की नाही, ते आठवत नाही. माझ्या हातचाच मोजा होता तो.

जखम धुऊन, मलमपट्टी करून ताप उतरला. त्यानंतर सासूबाई कुणालाही न विचारता हवालदारांच्या ओट्यावर गेल्या. त्या फटकळ होत्या, आणि कुणाच्या दारात काही मागायला जाणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तिथे काय बोलणं झालं ते कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हवालदार कापडी पिशवी घेऊन आमच्याकडे आले. आले ते थेट यांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले, चौकटीला पाठ टेकून. आत नजरसुद्धा टाकली नाही. कसं आहे, बरं आहे, काही विचारलं नाही. मला समोर बसायला सांगितलं. परक्या पुरुषासमोर सून बसणार म्हणून सासूबाई मधे तांदूळ निवडायला बसल्या.

त्यांनी माझा मोजा मागितला. दोन्ही हात आत घालून ताणला. अंग ताणलं गेलं, कड तशीच तारेसारखी राहिली. ते म्हणाले, "सूनबाई, वीण चांगली हाये. हे तोंड नाही वं, हा फास हाये." बोलण्यात राग नव्हता. मग पायाच्या टोकाकडून त्यांनी तो उसवायला घेतला. माझे इतक्या दिवसांचे टाके सर्र सर्र निघून त्यांच्या बोटांभोवती गुंडा होत होते. कडेपर्यंत आल्यावर ते थांबले आणि शेवटची ओळ मला दाखवली. म्हणाले, माणूस वरच्या विणीकडे पाहतो, ताण सगळा इथून सुरू होतो.

सुईवर पहिल्या ओळीचे टाके घालायची त्यांची रीत अशी होती. शाळेत आम्ही अंगठ्यावर धाग्याचा फेर घ्यायचो, सुई त्या फेरात खालून घालायची, तर्जनीवरचा धागा त्यातून ओढून आणायचा आणि घट्ट करायचा. हवालदारांची सुरुवातही तशीच होती. पण त्यांची सुई अंगठ्यावरच्या दोन्ही धाग्यांखालून जाई, मग वरून त्या फेरात बुडी मारी, आपल्या बाजूला बाहेर येई, तेव्हा कुठे तर्जनीवरचा धागा उचली, आणि परत जाताना अंगठा जरासा वाकून तिला वाट करून देई. त्यामुळे प्रत्येक टाक्याच्या पायाशी एक जास्तीचा पीळ राही. कड ताणली की तो पीळ उलगडे, सोडली की पुन्हा बसे. पाहायला सोपं होतं. माझ्या हातात सुई आली की फेर निसटे, नाहीतर गाठ बसे.

हवालदार 'चुकलं' असं कधी म्हणत नसत. गाठ बसली की सुई ओढून घेत, सगळे फेर एकदम निघून जात, धागा पुन्हा सरळ करून माझ्या हातात देत. रोज दुपारी येत, उंबऱ्यावर बसत, आणि रोज हेच. एवढंच सांगत की अंगठ्यानं वाट दे, सुईला ढकलू नको. एके दिवशी सासूबाईंचा धीर सुटला. एवढ्या वेळात मुकी जनावरंसुद्धा शिकली असती, असं त्या म्हणाल्या. हवालदार त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "काहून रागावून राहिल्या बाई? मले तर शिकाले अख्खा हिवाळा लागला."

मग पहिल्यांदा ते बसऱ्याची गोष्ट बोलले. बोलत होते माझ्याशी, पण आवाज नेहमीपेक्षा थोडा चढा होता. पाय कापल्यावर तिथल्या दवाखान्यात त्यांच्या शेजारच्या खाटेवर गढवालकडचा एक पोरगेला शिपाई होता. पोटात गोळी लागलेली. हवालदारांची भाषा त्याला कळत नव्हती, त्याची हवालदारांना. तो सारखा विणत असे, त्यांच्या डोंगरात सगळे पुरुष विणतात म्हणे. हवालदारांच्या मांडीवरही असाच वळ पडून जखम झाली होती. ती पाहून त्या पोरानं घरून आणलेला आपला गळ्यातला लोकरीचा गुलुबंद उसवला आणि नवा मोजा विणून दिला. तेवढ्यावर थांबला नाही. रोज हवालदारांची बोटं आपल्या हातात धरून तो टाका फिरवून घेई. "बोलत काही नव्हता," हवालदार म्हणाले. "माह्या बोटाईले धरून फिरवे. जमलं नाही का हासे."

ते थांबले. सासूबाई सूप पाखडत होत्या. मग खाटेवरून यांचा आवाज आला, "वाचला का तो?"

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. हवालदारांनी मान वळवली नाही. रस्त्याकडे पाहतात तसं अंगणाकडे पाहत म्हणाले, "नाही गा मारोती. तो होता तवर मले जमलं नाही. तो गेला, अन् दुसऱ्या दिवशी टाका पडला. दाखवाले कोणी नव्हतं."

हवालदारांनी पिशवी आवरली आणि गेले. संध्याकाळी मी दिवा घेऊन आत गेले तर हे उताणे निजले होते, आढ्याकडे पाहत. भिंतीकडचं तोंड वळलं होतं. मी दिवा ठेवला आणि तशीच बाहेर आले, काही बोलले तर बिघडेल अशी भीती वाटली.

टाका मला पुढे काही दिवसांनी सकाळच्या उन्हात अंगणात बसले असताना पडला. अंगठ्यानं वाट दिली आणि सुई आपली आपण पार झाली. मग लागोपाठ पडतच गेले. त्या खाकी लोकरीचा मोजा पुरा करून मी हवालदारांच्या हातात दिला. त्यांनी कड ताणली, सोडली, पुन्हा ताणली. शाबासकी वगैरे काही नाही. मोजा पिशवीत टाकून ते निघून गेले. मला वाटलं, बिघडलाच असणार.

पण त्यांनी तो दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पायावर चढवला आणि दिवसभर घालून हिंडले. सकाळी इतवारीत गेले, दुपारी सीताबर्डीवर, तिथून तलावाला वळसा घालून परत. संध्याकाळी आमच्याकडे आले आणि या वेळी उंबरा ओलांडून आत गेले. यांच्या खाटेवर बसले, लाकडी पाय सोडला, मोजा उतरवला आणि धोतर सारून आपली मांडी यांच्यापुढे धरली. घामानं ओली होती, विणीची नक्षी उमटली होती, पण वळ नव्हता. यांनी वाकून पाहिलं. हात लावून पाहिला. दुसऱ्या माणसाचा तसा पाय त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला असेल. मग यांनी मोज्यासाठी हात पुढे केला. मी दाराशी उभी होते. इतकी वर्षं झाली, त्या दोन माणसांकडे पाहताना मला जे वाटलं त्याला अजून नाव सापडलेलं नाही. देवळातसुद्धा माझे हात कधी तसे आपोआप जुळले नाहीत.

चालणं मात्र सोपं नव्हतं. पहिल्याच दिवशी गल्लीत चार घरं गेल्यावर हे तोल जाऊन पडले. लोक धावले. हवालदारांनी हाताच्या इशाऱ्यानं सगळ्यांना मागे थांबवलं, मलासुद्धा. आता ते यांना उठवतील असं वाटलं. त्यांनी उठवलं नाही. यांच्या शेजारी धुळीत बसले, स्वतःचा लाकडी पाय सोडून बाजूला ठेवला, आणि म्हणाले, उठायचं कसं ते आधी शिकून घे, चालणं मग. भर रस्त्यात, साऱ्या गल्लीदेखत, ते दोघे पुन्हा पुन्हा बसत होते आणि उठत होते. हवालदारांचं वय तेव्हा साठीकडे झुकलं होतं. कुणी हसलं नाही. तालमीतला तो पहिलवान कडेला उभा राहून डोळे पुसत होता.

पुढे यांना रेल्वेच्याच फाटकावर काम मिळालं. फाटक उघडायचं, लावायचं, हिरवं-लाल निशाण दाखवायचं. संसार झाला, मुलं झाली. हवालदार आमच्या घरचेच होऊन गेले. मी त्यांना मामाजी म्हणे. दुसरी लढाई सुरू झाली तेव्हा कामठीच्या पलटणीच्या दवाखान्यात हात-पाय गेलेली पोरं यायला लागली. हवालदार पिशवी घेऊन तिकडे जायला लागले आणि मलाही नेऊ लागले. आम्ही खाटेखाटेपाशी बसून मोजे करून देत असू, आणि ज्याचे हात शाबूत असतील त्याला टाका शिकवत असू. मद्रासकडची पोरं होती, पंजाबातली होती. माझी भाषा त्यांना येत नव्हती, तेव्हा मीही त्यांची बोटं धरून फिरवी. परक्या पुरुषांची बोटं धरते म्हणून गल्लीत कुजबुज झाली. सासूबाईंनी ती एका दुपारीत बंद पाडली. कशी, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लढाई संपता संपता हवालदारांच्या हातांना कंप सुटला. आधी सुई निसटायची, मग घासही. विणकाम त्यांनी एके दिवशी माझ्या हातात दिलं आणि पुन्हा मागितलं नाही. त्यांच्या पायाचे मोजे मी करू लागले. नवा मोजा दिला की थरथरत्या हातांनी ते कड ताणून पाहत. एकदा एक मोजा त्यांनी तसाच परत केला. एक टाका घट्ट होता, एकच, आणि तो मला नजरेनं शोधूनही सापडला नाही. त्यांच्या बोटांना सापडला होता. मी सगळा उसवून पुन्हा घातला.

हवालदार गेले ते थंडीत, सकाळच्या वेळी, ओट्यावर ऊन खात बसलेले असताना. कुणाला कळलंही नाही. चहा घेऊन मीच गेले होते. पारशिवनीहून त्यांचा पुतण्या येईपर्यंत दुपार झाली. तिरडी बांधली तेव्हा प्रश्न निघाला की लाकडी पायाचं काय करायचं. कुणी म्हणालं चितेवर ठेवावा, कुणी म्हणालं लाकूडच ते, नदीत सोडावं. आमचे हे पुढे झाले आणि म्हणाले, कामठीच्या दवाखान्यात द्या, त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. तो पाय दुसऱ्याच दिवशी तिकडे गेला.

मग यांनी तिरडीला खांदा दिला. लोकांनी अडवलं, घाट लांब आहे, रस्ता चढउताराचा आहे, तुम्ही नुसते बरोबर चला, मान तेवढाच. यांनी कुणाचं ऐकलं नाही. मी दारातून पाहत होते. डावीकडून पुढचा खांदा यांचा होता आणि पलीकडचा त्या पहिलवानाचा. गल्लीच्या वळणापर्यंत दिसले. पुढचं मला इतरांनी सांगितलं, की वाटेत माणसं खांदे बदलत राहिली, पण यांनी कुणाला आपल्या जागी येऊ दिलं नाही. थेट घाटापर्यंत.

दिवस मावळल्यावर घरी आले. अंघोळ करून ओसरीवर बसले. मी पाणी दिलं, ते प्यायले. खांदा दुखतो आहे म्हणाले, तेल लाव. पायाचं काही बोलले नाहीत.